मिठाचे भुयारी संस्थान

पोलंडमधील व्येलिच्का येथील ज्या खाणीने चौदाव्या शतकात कझिमिएझ राजाच्या खजिन्यात महसुलाचा सुमारे तृतीयांश भरणा केला आणि जिचे व्यापारी उत्खनन १९९६ साली थांबले, तीत आता मीठ वर काढण्याऐवजी प्रवासी खाली उतरवले जातात, व या अदलाबदलीत संस्थानाला तोटा झाल्याचे मुळीच दिसत नाही. भूपृष्ठाखाली १०१ मीटरांवर, खाणकामगारांनीच कोरलेल्या संत किंगेच्या प्रार्थनामंदिरात, मिठाच्या स्फटिकांच्या झुंबरांखाली मार्गदर्शक जो भक्तिभाव जागवतो, तो ओसरण्यापूर्वीच विक्रीची दालने लागतात. भिंत चाटून पाहण्याची मुभा आहे आणि (आपल्याआधी तीच जागा कितीजणांनी पसंत केली असेल याचा विचार न करता) एरवी उकळलेले पाणी पिणारी सुशिक्षित मंडळी ती बजावतातही. दुकानातले मीठ मात्र आधी पैसे मोजूनच चाखावे लागते.