पळी पळी तेल

आमचे आप्पा जकात नाक्यावरून निवृत्त झाले आणि दगड तपासू लागले. शेंदूर फासलेला दगड दिसला की त्यांचा उजवा हात अजूनही ट्रक अडवल्यासारखा वर जातो. मग पिशवीतून कागद, ब्रश, शाईचा बोळा निघतो. कोरलेल्या अक्षरांचा ठसा घ्यायला ओला कागद दगडावर चिकटवून आप्पा तो असा ठोकतात, की पोरं म्हणतात, ‘आजोबा धुणं धुतायत!’

त्यांचं दैवत म्हणजे चाळीसगावजवळच्या पाटण्याचा शिलालेख, शके ११२८चा. ‘ज्ञानेश्वरीआधी चौऱ्याऐंशी वर्षं!’ हा हिशेब ते विचारण्याआधीच देतात. भास्कराचार्यांचा नातू चांगदेव हा यादव राजा सिंघणाचा ज्योतिषी. आजोबांचे ग्रंथ शिकवायला त्यानं मठ काढला. निकुंभ घराण्यातल्या सोइदेवानं त्या मठाला दान दिलं, त्याचा हा लेख. बराचसा संस्कृतात, शेवट मराठीत.

संस्कृत भागातली राजांची वंशावळ आप्पा घाईघाईनं उरकतात. ‘वंशावळ सगळ्यांचीच थोर असते हो. पावती कुठंय?’ ती मराठीत. गिऱ्हाइकाकडून पाच पोफळं. जितके घाणे चालतील, तितक्यांकडून पळी पळी तेल. माल मोजायचा तो मठाच्याच मापानं, आणि मापाईतली अर्धी मठाला, अर्धी मापाऱ्याला. इथं आप्पांचा आवाज कापरा होतो. ‘मापाऱ्याला अर्धी! दगडावर कोरून!’ उभ्या नोकरीत त्यांना असा जीआर कधी मिळाला नव्हता.

‘पण दोन भाषा कशाला?’ मी एकदा विचारलं. उत्तर काकूंनी आतून दिलं, ‘लग्नपत्रिकेत वर श्लोक असतो, पण जेवणाची वेळ मराठीतच छापतात ना!’

आप्पा गप्प झाले. मग वहीत लिहून घेतलं. खरंच, कीर्ती चंद्रसूर्य असेपर्यंत टिकावी म्हणून संस्कृत; तेल द्यायचं ते तेल्याला कळावं म्हणून मराठी. इतिहासकाराला पहिल्या भागातून राजा कळतो, दुसऱ्यातून बाजार, कर आणि तेव्हाची मराठी.

आप्पा सध्या पुढच्या दगडाच्या शोधात आहेत. तुमच्या गावात देवळाच्या पायरीशी अक्षरांचा दगड असेल, तर एवढंच करा: आप्पा येईपर्यंत ऑइलपेंटचा डबा उघडू नका.