नानाशेठ आफ्रिकेला निघतात

नारायणगावच्या बाजारात, मंचरच्या एसटी स्टँडसमोर किंवा आळेफाट्याच्या एखाद्या मिसळीच्या हॉटेलात अर्धा तास बसलात, तर एक तरी नानाशेठ भेटतातच. जुन्नर-आंबेगावात शेठ व्हायला दुकान लागत नाही. पाण्याखालची आठ-दहा एकर जमीन, दारात पांढरी गाडी, साखर कारखान्याचं सभासदत्व आणि समोरच्याचं बोलणं मध्येच तोडण्याची सवय एवढं जमलं की गाव आपण होऊन शेठ म्हणायला लागतं. या मंडळींचा प्रवास पूर्वी काशीला संपायचा. पुढं दुबई आली, मग बाली आली. आणि २०२३च्या जुलैत टोमॅटोची वीस किलोची क्रेट नारायणगावच्या मार्केटात दोन हजारांवर गेली, तेव्हा आफ्रिका आली.

म्हणजे पैसे तेव्हा आले. इच्छा एका साखरपुड्यात आली. व्याह्यांनी जेवणाच्या पंगतीत मोबाइल काढला आणि केनियातल्या मसाई मारात दहा फुटांवरून घेतलेला सिंह दाखवला. सिंह जांभई देत होता. नानाशेठनी व्हिडिओ पूर्ण पाहिला, मोबाइल परत केला, मासवडीचा रस्सा आणखी एक वाटी मागून घेतला, आणि घरी येताना राजगुरुनगरच्या पुढं गाडीतच जाहीर केलं, "आपण पण जायचं."

"कुठं?" काकूंनी, म्हणजे शेठच्या बायकोनं, विचारलं.

"जनावरं बघायला. आफ्रिकेत."

काकूंनी खिडकीची काच खाली केली. "त्यापरीस गोठ्यामागं उभं राहा की. फुकटात."

काकूंचं म्हणणं बिनतोड होतं, हे नकाशा पाहिला तरी कळतं. कुकडी प्रकल्पाची धरणं झाली, माणिकडोह, येडगाव, वडज, पिंपळगाव जोगे आणि आंबेगावातलं डिंभे. कालवे आले, कालव्यामागून ऊस आला आणि उसामागून बिबट्या आला. उसात सावली, उसात पाणी, उसाच्या कडेला कुत्री आणि शेरडं. आता इथले कित्येक बिबटे उसातच जन्मतात, त्यांनी जंगल पाहिलेलं नसतं. तोडणी सुरू झाली की टोळीला पिल्लं सापडतात. मग वनखातं येतं, पिल्लं क्रेटमध्ये घालून रात्री तिथंच ठेवतं आणि आई येऊन घेऊन जाते. क्रेट पुष्कळदा टोमॅटोचीच असते. शेठचा आणि बिबट्याचा एवढा आर्थिक संबंध.

पुण्याच्या ट्रॅव्हलवाल्या पोरानं पहिल्याच फोनवर महिना विचारला आणि तिथं गाडं अडलं. मारा नदी ओलांडणारी जनावरं बघायची तर जुलै ते ऑक्टोबर. लाखो विल्डबीस्ट, झेब्रे, नदीत मगरी. पण जुलै ते सप्टेंबर म्हणजे टोमॅटोचा तोडा. पोरगा म्हणाला, मग फेब्रुवारीत टांझानियाला जा, सेरेंगेटीच्या दक्षिणेला तेव्हा विल्डबीस्ट वितात, रोज हजारो वासरं. ही कल्पना नानाशेठना आवडली, गाभण जनावराविषयी त्यांना मुळातच आदर. पण फेब्रुवारीत ऊस उभा असतो आणि कारखान्याची टोळी कधी येईल ते चेअरमनलाही सांगता येत नाही. एप्रिल-मेमध्ये तिकडं मोठा पाऊस. नोव्हेंबरात कांद्याची लागण. डिसेंबरात चुलतभावाच्या पोरीचं लग्न. आफ्रिकेतल्या जनावरांनी आपलं वेळापत्रक जुन्नर बाजार समितीला विचारून ठरवलेलं नाही, हा शोध लागायला चार फोन लागले.

शेवटी टोमॅटो मुलाच्या गळ्यात घालून ऑगस्ट ठरला, देश केनिया ठरला. केनिया ठरण्याचं कारण काकूंच्या गळ्यातली तुळशीची माळ. तिकडं गुजराती माणूस पिढ्यान्‌पिढ्या आहे, शाकाहारी जेवणाचे वांधे नाहीत, असं पोरानं सांगितलं. नानाशेठच्या गळ्यात माळ नाही, पण त्यांनीही हे ऐकून घेतलं.

मग आली खरी बोलणी. पोरगा अभिमानानं सांगत होता: सिंह, हत्ती, रानम्हैस, गेंडा, बिबट्या, यांना तिकडं बिग फाइव्ह म्हणतात. पूर्वीच्या शिकाऱ्यांनी पाडलेलं नाव, पायी शिकार करायला सगळ्यांत अवघड अशी ही पाच. "यातले चार बहुतेक दिसतात सर. बिबट्याचं मात्र सांगता येत नाही. फार लाजरा असतो. नशीब लागतं."

नानाशेठ बराच वेळ गप्प राहिले. ज्या जनावरानं त्यांची दोन कालवडी, एक राखणीचं कुत्रं आणि सासऱ्यांची झोप नेली, ते लाजरं असल्याची माहिती त्यांना नवी होती.

"बाळा," ते म्हणाले, "मग चारचे पैसे लाव. पाचवा आमचा आम्ही बघतो."

पोरानं हसून घेतलं, पण नानाशेठ हसत नव्हते. माणशी तीन लाखांत पाचवा भाग म्हणजे साठ हजार, दोघांचे एक लाख वीस हजार. कागदावर हिशेब लिहिलेला मी पाहिला आहे. माणिकडोहला धरणाजवळ बिबट्यांचं निवारण केंद्र आहे, जेरबंद केलेले तिथं ठेवतात. त्यातला एक आपल्या बांधावरचा आहे असं नानाशेठ पाहुण्यांना सांगतात, गावचा पोरगा पोलिसात लागला असं सांगावं त्या सुरात.

खरं तर नानाशेठचा सफारीला विरोध कधीच नव्हता. आंबेगव्हाणला बिबट सफारी व्हायची म्हणून ते वर्षानुवर्षं सभांना जातात. मध्यंतरी ती बारामतीला चालली अशी बातमी आली तेव्हा निषेधाला ते पहिल्या रांगेत होते. आमचे बिबटे आमच्या तालुक्यात, अशी त्या दिवशी त्यांची भूमिका होती. आदल्या आठवड्यात हेच बिबटे कुठंही न्या पण न्या, असं निवेदन त्यांनी रेंज ऑफिसात दिलं होतं. दोन्ही कागदांवर सही एकाच पेनाची. "इथली सफारी होईस्तोवर माझे गुडघे राहायचे नाहीत," हे केनियाचं अधिकृत कारण.

तयारीला घर लागलं. पीतज्वराची लस किमान दहा दिवस आधी टोचून घ्यावी लागते. ती मुंबईला जाऊन घेतली आणि तिचं पिवळं कार्ड नानाशेठनी आठवडाभर खिशात बाळगलं. हे कार्ड जन्मभर चालतं, आधारकार्डासारखं परत परत अपडेट करावं लागत नाही, याचं त्यांना फार कौतुक. कपड्यांत मात्र मार खाल्ला. पोरीच्या लग्नात शिवलेली गडद निळी सफारी त्यांनी इस्त्री करून ठेवली होती. ट्रॅव्हलवाला म्हणाला, निळ्या-काळ्या रंगावर त्सेत्से माशी येते. मग मुलाचं मिलिटरी जर्किन काढलं, रात्रीच्या पाण्याला घालतात ते. तेही नको, केनियात लष्करी छापाचे कपडे साध्या माणसाला घालता येत नाहीत. शेवटी मळखाऊ रंगाचे चार शर्ट घेतले, जे अंगावर घातल्यावर नानाशेठ वनखात्यातले वाटू लागले आणि वाटेत दोघांनी त्यांना पिंजरा कधी लावता म्हणून विचारलं.

काकूंनी शेंगदाण्याची चटणी, भाजलेलं पीठ आणि चकल्या प्लॅस्टिकच्या कॅरीबॅगांत बांधल्या. केनियात २०१७पासून प्लॅस्टिकच्या पिशव्यांवर बंदी आहे आणि दंड जबर आहे, हे कळल्यावर सगळं उपसून स्टीलच्या डब्यांत गेलं. मग वजन वाढलं. नानाशेठची मोठी बॅटरी काढून वजन उतरवलं, आणि ही बॅटरी काढताना मात्र त्यांना खरोखर वाईट वाटलेलं मी पाहिलं.

कारण ती बॅटरी म्हणजे त्यांची रात्र आहे. शेतीपंपाची लाइट रात्रपाळीची असली की दोन वाजता उठून मोटर चालू करायची. कपाळाला बॅटरी, हातात काठी, मोबाइलवर मोठ्यानं भजन, सोबत एक माणूस आणि बांधावरून जाताना उगाच खोकणं. वाकून बसायचं नाही, एकटं जायचं नाही. हे वनखात्यानंही सांगितलेलं आहे आणि अनुभवानंही. २०२५च्या सरत्या महिन्यांत शेजारच्या शिरूर तालुक्यात पिंपरखेडला बिबट्यानं लेकरं नेली. चिडलेल्या लोकांनी मंचरला महामार्ग अडवला, आणि बाया खुरपायला जाताना गळ्यात खिळ्यांचे पट्टे घालू लागल्या. त्या आठवड्यांत केनियाचा विषय घरात कुणी काढला नाही. नानाशेठनीही नाही. नंतर एकदा पारावर ते एवढंच म्हणाले, "मला तो एकदा असा बघायचाय की मी गाडीत, काच वर, आणि काळजी दुसऱ्याला." तीन लाखांचं याहून चांगलं समर्थन मला आजवर कुणा पर्यटकाकडून मिळालेलं नाही.

अडचण एवढीच की त्यांची सगळी तालीम उलटी झालेली आहे. सफारीच्या सूचनांचा कागद आला: गाडीत बोलू नये, हालचाल करू नये, खाली उतरू नये, जनावर दिसल्यास शांत राहावे. नानाशेठ आयुष्यभर जनावर दिसू नये म्हणून बोलत आले. सवय व्हावी म्हणून ते संध्याकाळी गाडीत काच लावून, तोंड मिटून बसायला लागले. सातव्या मिनिटाला खोकायचे. काकू ओट्यावरून म्हणायच्या, "गेला तुमचा सिंह."

राहता राहिला रात्रीच्या पाण्याचा प्रश्न. आठ दिवस दोन वाजता मोटर कोण चालू करणार? गड्याला बोलावलं. तो उंबऱ्याशी उकिडवा बसला, सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाला, "शेठ, तिकडं जनावर दाखवणाऱ्या गाडीवाल्याला काय देत्यात?"

नानाशेठनी मोठेपणानं सांगितलं की पगार वेगळाच, वर माणशी दिवसाला दहा डॉलर टिपच द्यावी लागते.

"म्हंजे रुपयांत?"

नानाशेठनी गुणाकार केला आणि मोठ्यानं केला, तिथं चुकलं. गडी म्हणाला, त्यो दाखवतो त्याचे एवढे, तर मी न दाखवता आठ दिवस काढायचे किती व्हत्यात ते तुमीच सांगा. तास-दीड तास घासाघीस चालली. रोजावर रात्रीचे दोनशे जादा, सोबतीला गड्याचा मेव्हणा, त्याचाही रोज, आणि घरी राहिलेली मोठी बॅटरी दोघांच्या हवाली. पॅकेजात हा खर्च धरलेला नव्हता.