सीलेदार

मराठेशाहीत स्वतःचा घोडा आणि स्वतःची हत्यारे घेऊन चाकरीस रुजू होणाऱ्यास शिलेदार म्हणत, व सरकारी घोड्यावर बसणाऱ्यास बारगीर. ते घोडे गेले, ती चाकरीही गेली. तथापि दरसाल आषाढ लागला की गळ्यात यंत्र, कमरेस पट्टे आणि पाठीवर खोगिराएवढे दप्तर लादून, स्वखर्चाने घाटाकडे स्वारी काढणारा जो एक वर्ग दृष्टीस पडतो, तो पाहिला म्हणजे मला त्या जुन्या शब्दाची आठवण होते. यांच्या अभिमानाचा विषय घोडा नसून कॅमेऱ्याचे ‘वेदर सीलिंग’ असल्यामुळे मी त्यांना सीलेदार म्हणतो.

सीलेदार खरा खुलतो तो दिवाणखान्यात, पंख्याखाली. चहाचा पेला सुरक्षित अंतरावर सारून तो भिंग कॅमेऱ्यापासून विलग करतो, उलटे धरतो आणि धातूच्या कड्याभोवती बसवलेली, बांगडीहूनही बारीक अशी काळी रबरी कडी करंगळीच्या नखाने किंचित उचलून दाखवतो. “ही पाहा!” एखाद्या इनामदाराने पेटीतली सनद काढून तिच्यावरील मोहोर दाखवावी, तशी त्याची मुद्रा होते. “पावसात धरा, नळाखाली धरा, काही होत नाही.” नळ तेथून दहा पावलांवर असतो, परंतु तो सोडण्याचा आग्रह आम्ही करीत नाही आणि सीलेदारही करीत नाही.

सनदेतला मजकूर मात्र त्याने कधी वाचलेला नसतो. धूळ व ओलावा यांपासून बचाव व्हावा अशा बेताने रचना केली आहे, तथापि संपूर्ण बचावाची हमी नाही, अशा अर्थाचे कलम कंपन्या बारीक टाइपात घालून ठेवतात. कॅननच्या १७-४० मिलीमीटरच्या भिंगाचे तर असे की पुढे फिल्टर बसवल्याखेरीज त्याची मोहोरबंदी पुरीच होत नाही. म्हणजे वाड्याला तट आहे, फक्त दिंडीदरवाजा धन्याने पदरच्या पैशाने बसवावा! वस्तूत पाणी किती शिरेल हे ठरवणारी आंतरराष्ट्रीय आकड्यांची एक पद्धत आहे, पण बहुतेक कॅमेरे त्या परीक्षेचा दाखला मिरवीतच नाहीत. ऑलिंपसने २०१९ साली एका कॅमेऱ्याला पाण्यापुरता ‘एक’ हा आकडा मिळवला; ‘एक’ म्हणजे सरळ वरून ठिबकणारे थेंब, तेही दहा मिनिटे. २०२२ च्या ओएम-१ ला ‘तीन’ मिळाला, म्हणजे उभ्या रेषेपासून साठ अंशांपर्यंत तिरका येणारा फवारा. आमचे सीलेदार या तिनाचे धनी आहेत.

गेल्या आषाढात मी त्यांच्यासमवेत आंबोलीस गेलो. वर्षाकाठी सात हजार मिलीमीटरच्या आसपास पाऊस झेलणारे ते गाव, आणि त्यातून आम्ही गेलो कावळेसादच्या कड्यावर, जेथे दरीतून वारा चढला की खाली कोसळणारे पाणी उलटे फिरून प्रेक्षकांच्या तोंडावर येते. पाऊस खालून वर येऊ शकतो, ही गोष्ट तिनाच्या परीक्षकांनी हिशेबात धरलेली नाही. सीलेदारांनी तत्काळ कॅमेरा रेनकोटाच्या आत, पोटाशी धरला, वरून छत्री उघडली आणि स्वतः मात्र कमरेपर्यंत भिजत उभे राहिले. मी माझा जुनाट, बिनमोहोरेचा कॅमेरा लॉजमधल्या आंघोळीच्या प्लास्टिक टोपीत घालून दोनचार छायाचित्रे घेतली (त्यांतली तीन धुरकट आली, हे प्रांजळपणे नमूद करतो) आणि सहज विचारले, “आपला सीलबंद आहे ना?”

“आहे हो,” ते म्हणाले, “पण मुद्दाम कशाला?”

रात्री तळ्याकाठी, पाण्यावर झुकलेल्या फांदीवर उडत्या बेडकाची जोडी फेस घुसळून घरटे करीत बसली होती. पाऊस पळभर थांबला होता. तेव्हा कोठे सीलेदारांचे यंत्र बाहेर आले, आणि पुढचा तासभर त्यांनी आपले लांबट झूम भिंग पुढे-मागे, पुढे-मागे असे केले की मला लोहाराच्या भात्याची आठवण झाली. ती आठवण किती यथार्थ होती, हे पुढे कळायचे होते. परतल्यावर त्यांनी कॅमेरा मऊ फडक्याने पुसला, भिंगाला दोन्हीकडून झाकणे लावली, ते चामडी म्यानात घातले आणि म्यान कपाटात ठेवून कपाटाला कुलूप घातले.

खंडेनवमीला शस्त्रपूजेसाठी म्यान उघडले तेव्हा भिंगाच्या ऐन मध्यभागी कोळ्याच्या जाळ्यासारखी पांढरी नक्षी उमटलेली होती. सीलेदारांचे हळदकुंकवाचे बोट हवेतच राहिले.

फोर्टात बोरा बाजारातल्या कारागिराने भिंग दिव्यासमोर तिरके धरले. “पाणी नाही गेलं, साहेब. हवा गेली.” थेंबाला अडवणारी कडी वाफेला अडवीत नाही; झूम पुढे सरकले की आतली जागा वाढते आणि बाहेरची हवा आत खेचली जाते. आंबोलीची ती दमट हवा झाकणे लावून अंधारात कोंडल्यावर बुरशीला याहून निराळे निमंत्रण नको होते. कारागिराने हे सर्व अत्यंत सौजन्याने सांगितले आणि मग दुरुस्तीचा आकडा सांगितला. हमीपत्रात बुरशीचे नाव नव्हते.

कोणाला वाटेल, सीलेदारांचा अभिमान यानंतर ओसरला असेल. त्यांनी काचेच्या दाराचे, विजेवर चालणारे एक ‘ड्राय कॅबिनेट’ आणून दिवाणखान्यात देवघराशेजारी स्थापिले आहे. आत निळसर दिवा, दारावर आर्द्रतेचा आकडा: ४५. आलेल्या प्रत्येकास तो आकडा दाखवला जातो. चाळीस ते पन्नासच्या दरम्यान बुरशीची मात्रा चालत नाही, हे समजावले जाते. आणि चहाचा पेला आता दुसऱ्या खोलीत दिला जातो. परवा मी विचारले, यंदा आंबोलीस कधी निघायचे? त्यांनी काचेकडे पाहिले, मग माझ्याकडे.

“दार उघडलं की साठावर जातो हो तो,” ते म्हणाले.