एकवीस अपेक्षितांचा उमेदवार

मुलाखतीसाठी बाहेर बसवून ठेवलेल्या दहा-बारा जणांत हा लगेच ओळखू येतो. बाकीचे कुणी मोबाइल चाळतात, कुणी शर्टाच्या बाह्या सारख्या करतात. याचे ओठ हलत असतात. लांबून पाहणाऱ्याला वाटावं, जप चाललाय. मांडीवर प्लास्टिकची फाइल, तिच्यात दहावीपासूनच्या मार्कशिटा क्रमाने, आणि सर्वांत मागे दोनशे पानी वही. डाव्या पानावर प्रश्न, उजव्या पानावर उत्तर, समासात पेन्सिलीने सूचना : ‘इथे थांबणे’, ‘इथे किंचित हसणे’, ‘मधल्या सरांकडे बघणे’. ‘टेल मी अबाउट युवरसेल्फ’चं उत्तर तीनदा लिहून दोनदा खोडलेलं. पहिल्या खर्ड्यात तो ‘हार्डवर्किंग’ होता, तिसऱ्यात ‘स्मार्ट वर्कर’ झाला. मधल्या काळात नेमकं काय घडलं, याची नोंद वहीत नाही. अशा माणसाला पोपट म्हणून मोकळं होण्याची आपल्याकडे पद्धत आहे. कुणी त्याला ढोंगीही म्हणतं. माझ्या मते तो दोन्ही नाही. त्याला जे विचारलं जातं त्याचंच उत्तर तो देतो, आणि जे विचारलं जातं ते वर्षानुवर्षं तेच असतं. त्याच्यावर हसण्याआधी प्रश्न काढणाऱ्याला थोडा जाब विचारायला हवा.

मुळात हा प्राणी घडला कुठे ते बघा. दहावीला त्याच्या हातात ‘२१ अपेक्षित’ प्रश्नसंच ठेवणारे आपणच. निबंध पाठ करून घेणारे आपणच. ‘माझा आवडता छंद’ या विषयावर वर्गातल्या साठ मुलांनी एकच छंद जोपासल्याचं वाचून शिक्षकांनी कधी भुवई उंचावली नाही. उलट शुद्धलेखनाचे गुण दिले. बरं, शाळेबाहेर तरी स्वतःविषयी बोलायची सवय कुठे लागणार? गावात ‘कुणाचा रे तू?’ असं विचारतात, आणि उत्तर बहुतेक वेळा शेजारचाच कुणी देतो : ‘आपल्या भाऊंचा धाकटा.’ त्याचं स्वतःचं मत कुणी मागत नाही. समर्थ रामदासांनी तर दासबोधात मूर्खांची लक्षणं सांगताना आपली आपण स्तुती करणाऱ्याला आणि वडिलांचा मोठेपणा सांगत बसणाऱ्याला एकाच रांगेत उभं केलं आहे. आता ‘टेल मी अबाउट युवरसेल्फ’ हा प्रश्न नीट ऐका. त्यात या दोन्ही गोष्टींची रीतसर मागणी असते. ज्या संस्कारात वाढलो त्यात जो मूर्खपणा, तोच एसी खोलीत पात्रता ठरतो म्हटल्यावर एवढी मोठी उडी वहीशिवाय कशी मारायची?

पुढचा प्रश्न : ‘तुमची कमकुवत बाजू कोणती?’ यावर त्याचं उत्तर जगजाहीर आहे : ‘मी जरा जास्तच परफेक्शनिस्ट आहे.’ (बायोडेटात याच शब्दाचं स्पेलिंग हमखास चुकलेलं असतं, पण ते असो.) हे उत्तर खोटं आहे, हे देणाऱ्याला माहीत असतं आणि घेणाऱ्यालाही. पण खरं उत्तर दिलं तर काय होईल? ‘सर, मला सकाळी उठवत नाही, एक्सेल उघडलं की पोटात गोळा येतो, आणि कुणी चूक दाखवली की दोन दिवस मी त्याच्याशी बोलत नाही.’ एवढ्या प्रामाणिकपणावर ऑफर लेटर देणारी कंपनी अजून स्थापन व्हायची आहे. म्हणजे प्रश्न असा, की खरं बोलणारा बाद आणि सफाईने खोटं बोलणारा पास. मग खोटं शिकवलं कुणी? ‘पाच वर्षांनी स्वतःला कुठे पाहता?’ हाही त्याच माळेतला मणी. विचारणाऱ्याच्या नियुक्तिपत्रात तीन महिन्यांच्या नोटिशीचं कलम असतं आणि मंदी आली की तेवढंही पाळलं जाईल याची खात्री नसते. तरीही हा पोरगा शांतपणे सांगतो, ‘याच संस्थेत, अधिक जबाबदारीच्या पदावर.’ निष्ठा आणखी कशी दाखवायची? पगाराची अपेक्षा विचारली की ‘कंपनीच्या धोरणाप्रमाणे’ म्हणतो. वहीच्या शेवटच्या पानावर मात्र वाकडला चौघांत घेतलेल्या फ्लॅटचं भाडं, मेस, शैक्षणिक कर्जाचा हप्ता आणि घरी पाठवायचे पैसे अशी बेरीज मांडलेली असते. बेरजेभोवती दोन वेळा गोल काढलेला असतो. त्या वहीतलं सर्वांत खरं पान तेच, आणि ते दाखवायची सोय नाही.

यावर एक आक्षेप नेहमी येतो : माणसानं उत्स्फूर्त बोलावं, तयारीतली कृत्रिमता कळून येते. कळून येते खरी. पण उत्स्फूर्तपणाचं फार कौतुक करणाऱ्यांनी तो कुठून येतो हेही पाहावं. ज्या घरात जेवताना आई-बाबा ‘आज ऑफिसात काय झालं’ हे इंग्रजीत बोलतात, तिथल्या मुलीची तयारी बारा-पंधरा वर्षं चाललेली असते. फक्त तिला वही लागत नाही. परभणीहून किंवा गडहिंग्लजहून पुण्यात आलेला मुलगा तीच तयारी पंधरा दिवसांत उरकू पाहतो, म्हणून शिवण दिसते. ‘मायसेल्फ’ने वाक्य सुरू केल्यावर जे गालात हसतात, त्यांना स्वतःचं पाठांतर पाठांतर वाटत नाही एवढंच.

दुसरा आक्षेप जरा वजनदार आहे : मग मुलाखत घेणाऱ्यांनी ठरलेले प्रश्न टाकून द्यावेत, काहीतरी अनपेक्षित विचारावं, नाहीतर मोकळ्या गप्पा माराव्यात. अनपेक्षित विचारण्याचा प्रयोग थॉमस एडिसनने शंभर वर्षांपूर्वी केला. नोकरी मागायला आलेल्या पदवीधरांना तो फ्रान्सच्या सीमेवर कोणते देश आहेत इथपासून दीडशेच्या घरात प्रश्न घालायचा. १९२१ साली ते प्रश्न वर्तमानपत्रात छापून आले आणि त्याला नवे काढावे लागले. जगातलं पहिलं अपेक्षित एडिसनच्या कारखान्यातून फुटलं, म्हणायला हरकत नाही. मोकळ्या गप्पांची गत त्याहून वाईट. मानसशास्त्रज्ञ पॉल सॅकेट आणि सहकाऱ्यांनी २०२२ साली जुन्या अभ्यासांची फेरमांडणी केली. तिच्यात सर्वांना तेच, कामाशी निगडित प्रश्न विचारणाऱ्या मुलाखतीचा पुढच्या प्रत्यक्ष कामाशी संबंध ०.४२ इतका दिसला. मनाला येईल ते विचारणाऱ्या मुलाखतीचा ०.१९. गप्पांत कळतं ते एवढंच, की समोरच्याला आपल्यासारखंच क्रिकेट आवडतं. सरकारलाही मुलाखतीचा भरवसा फारसा उरला नसावा : केंद्राने १ जानेवारी २०१६ पासून गट क आणि गट ब अराजपत्रित पदांच्या मुलाखती बंद केल्या, कारण वशिल्याला तीच वाट सोयीची होती. तेव्हा ठरलेले प्रश्न असण्यात दोष नाही. दोष ते माणसाच्या स्वभावाविषयी असण्यात आहे. कामाविषयी विचारा, मग त्यानं वही भरून तयारी केली तरी बिघडत नाही. तयारी करता करता काम तरी समजेल.

आमचा उमेदवार खरा सापडतो तो तिथेच. ‘इंटर्नशिपमध्ये मी टीमचं नेतृत्व केलं’ हे वाक्य त्यानं घोटून ठेवलेलं असतं. ‘टीममध्ये किती जण होते?’ हे वहीत नसतं. ‘दोन.’ ‘तुम्हाला धरून?’ इथे समासातली ‘किंचित हसणे’ ही सूचना आपोआप अमलात येते. छंदाच्या रकान्यात ट्रेकिंग लिहिलेलं असेल, तर पुरावा असावा म्हणून आदल्या रविवारी तो सिंहगड चढून आलेला असतो, आणि पिठलं-भाकरीखेरीज फारसं काही आठवत नसतं. पण न्यायाने बोलायचं तर याच तयारीपायी तो कधी नव्हे ते कंपनीचा वार्षिक अहवाल वाचतो. ‘अलीकडे काय वाचलंत?’ याची धास्ती नसती, तर ‘अग्निपंख’ही उघडलं नसतं. पॅनेलवरच्या साहेबांनीही शेवटचं पुस्तक तेच वाचलेलं निघतं, आणि दोघांची दोन मिनिटं फार छान जातात.

शेवटी साहेब खुर्ची मागे रेटून विचारतात, ‘तुम्हाला आम्हाला काही विचारायचंय?’ या घडीची तयारी त्याने सर्वांत जास्त केलेली असते. तो पाठ सरळ करून म्हणतो, ‘पहिल्या सहा महिन्यांत माझ्याकडून नेमकं कोणतं काम व्हावं असं आपल्याला वाटतं?’ प्रश्न कामाचा असतो, मुद्देसूद असतो. साहेब मॅडमकडे बघतात, मॅडम एचआरकडे, एचआर समोरच्या कागदाकडे. कागदावर याचं उत्तर नसतं. मग तिघांपैकी कुणीतरी त्यांच्या बाजूचं घोटून ठेवलेलं वाक्य काढतो : ‘आम्ही कळवू.’