पिसू, मोरचंग आणि फुकटचं जॅकेट

फंक म्हणजे समेचं व्यसन. गायक जेम्स ब्राउनने आपल्या वादकांना पहिल्या मात्रेवर जोर द्यायला लावलं. रॉकचा ड्रमर मात्र दुसरी आणि चौथी मात्रा बडवतो. या दोघांचा संसार म्हणजे फंक रॉक. भांडण रोजचं, तरी तो टिकतो तो बेस गिटारच्या जिवावर. एरवी बेस म्हणजे लग्नातले दूरचे काका: पंगतीत असतात, फोटोत नसतात. इथे काका थेट घोड्यावर.

काकांना घोड्यावर बसवलं बेसवादक लॅरी ग्रॅहमने. आईबरोबर वाजवताना ड्रमर नव्हता, म्हणून त्याने अंगठ्याने तारेवर ठोका द्यायचा आणि बोटाने ती उपटायची, अशी दोघांची कामं एकट्याने उरकली. लॉस एंजेलिसच्या ‘रेड हॉट चिली पेपर्स’ या बँडमधल्या मायकेल बाल्झरीने तीच तऱ्हा वेगाने चालवली. त्याचं टोपणनाव ‘फ्ली’, म्हणजे पिसू. मंचावरच्या त्याच्या उड्या पाहिल्यावर नावाची फोड करावी लागत नाही.

१९९१ साली बँडने लॉरेल कॅन्यनमधल्या एका जुन्या बंगल्यात, निर्माता रिक रूबिनच्या देखरेखीखाली ‘गिव्ह इट अवे’ हे गाणं ध्वनिमुद्रित केलं. बंगल्यात भूत असल्याची बोलवा होती. ड्रमर चॅड स्मिथ मुक्कामाला थांबत नसे. भुताची झोप कशी झाली, याची नोंद नाही. गंमत अशी की या धिंगाण्यात पिसूने उड्या आवरल्या. ठोके सोडून बेस नुसती बोटांनी, तारेवरून घसरत वाजते, आणि मोकळ्या झालेल्या जागेत बाकीचे हात-पाय पसरतात. मागे चक्क मोरचंग घुमतो. जॉन फ्रुशांतेची गिटार एका ठिकाणी उलटी ऐकू येते, कारण तो तुकडा उलटाच जोडला आहे.

गाण्याचा अर्थ ‘देऊन टाक’. गायक अँथनी कीडिसने तरुणपणी जर्मन गायिका नीना हागेनच्या कपाटातल्या जॅकेटची तारीफ केली, तर तिने ते काढून दिलं. एरवी अशा तारिफीवर फार तर दुकानाचा पत्ता मिळतो. पुढे सरावात फ्लीची बेस सुरू होताच कीडिस ‘गिव्ह इट अवे’ हेच शब्द घोकत सुटला. चाल अशी फारशी नाहीच, आहे ती लय. कीडिसच्या सांगण्यानुसार टेक्सासच्या एका रेडिओ केंद्राने चाल सापडली की या, असं बजावलं होतं. १९९३ साली गाण्याला ग्रॅमी मिळालं.

आणि देऊन टाकण्याच्या या गाण्याच्या शेवटी वाजणारी गिटारची धून ब्लॅक सॅबाथ या बँडच्या ‘स्वीट लीफ’मधून घेतलेली आहे.