नवशिक्यांसाठी: सोर्सचं गाठोडं सोडून पुन्हा कसं बांधावं

शेंदूरजनाघाटात बसून डेबियन लिनक्ससाठी पॅकेज बांधायला घेतलंत, तर मूळ लेखकाचा टारबॉल, म्हणजे सोर्सचं गाठोडं, तसाच पुढे ढकलू नका. आधी सोडा आणि प्रत्येक फाइलचा परवाना वाचा. बाहेर जीपीएलची पाटी दिसली म्हणून हुरळू नका. आत कुठेतरी ‘व्यापारी वापरास मनाई’ म्हणणारं एखादं चित्र दडलेलं असतंच. डेबियनच्या 1997 सालच्या मुक्त सॉफ्टवेअर तत्त्वांत (डीएफएसजी) ते बसत नाही.

सगळ्यात फसवे ते सज्जन परवाने. जेसन परवान्याची अट अशी, की सॉफ्टवेअर सत्कार्यालाच वापरावं, दुष्कर्माला नाही. डोळे भरून येतात, पण सहाव्या तत्त्वानुसार कामावर बंधन घालता येत नाही, म्हणून बाद. चोरालाही कंपायलर मिळाला पाहिजे, असा हा पंथ.

मग मिनिफाइड, म्हणजे पिळून आखूड केलेलं, जावास्क्रिप्ट. आपल्या शेंदूरजनाघाटच्या रोपवाटिकांत जंभेरीच्या खुंटावर संत्र्याचा डोळा भरतात. नुसता रस पाजणाऱ्याने कलमाला डोळा दिला, असं कोणी म्हणत नाही. ही फाइल म्हणजे रस. परवाना मुक्त असला तरी वाचून बदलता येईल असा मूळ कोड सोबत नसेल, तर काढा.

“काढली न फाइल, मंग झालं!” नाही झालं. हाताने खोडून झिप केलेलं गाठोडं उद्या तुम्हालाही पुन्हा तसंच बांधता येणार नाही. कॉपीराइट फाइलच्या डोक्यावर ‘फाइल्स-एक्स्क्लूडेड’ लिहून त्याखाली नकोशा फाइलींची नावं द्या. डेबियनचं यूस्कॅन हे साधन मूळ टारबॉल उतरवून त्या वगळतं आणि नवा बांधतं. का काढल्या तेही तिथेच लिहा. लेखकाची डिजिटल सही या नव्या गाठोड्याला लागू पडत नाही, म्हणून काय गाळलं हे कोणालाही ताडून पाहता आलं पाहिजे.

आवृत्तीला शेपूट लावा: 1.4 चं 1.4+डीएफएसजी. परवान्याखेरीज दुसऱ्या कारणाने छाटलं असेल तर +डीएस. यानंतर बिल्ड मोडेल, कारण कुठली तरी चाचणी नेमकं तेच चित्र मागते. पॅच लावा.

दरम्यान लेखकाला नम्र पत्र लिहा. तो लगेच ऐकून परवाना बदलेल आणि त्याच 1.4 चा स्वच्छ टारबॉल हाती ठेवेल. तो चढवता येणार नाही. डेबियनच्या हिशेबात 1.4 हे 1.4+डीएफएसजीपेक्षा जुनं. शेपूट काढायचं तर 1.5 ची वाट बघा.