आधी महिना, मग मुलूख

मराठी घरात सुट्टीला कुठे जायचं यावर जेवढा खल होतो, तेवढा घर घेतानाही होत नाही. काश्मीर की केरळ, डोंगर की समुद्र, विमान की रेल्वे, देवदर्शन धरून की सोडून, नणंदेला आधी सांगायचं की फोटो पाहून तिचं तिला कळू द्यायचं, असा विषय सर्व अंगांनी पिंजून निघतो. केव्हा जायचं यावर मात्र कोणी अवाक्षर काढत नाही. ते शाळेने ठरवलेलं असतं. शाळेने काही शिल्लक ठेवलंच तर ऑफिसच्या रजेने. तारीख दैवाधीन आहे हे मान्य. पण मग ठिकाणही तिच्याच अधीन व्हायला हवं, एवढं साधं अनुमान कोणी काढत नाही. नोव्हेंबरात मंडईत उभं राहून हापूस मागणाऱ्याला आपण वेडा ठरवू. काय आलंय ते बघून बेत करायचा, हे कुणी शिकवावं लागत नाही. जवळजवळ ३३ लाख चौरस किलोमीटरच्या देशात मात्र आपण घरूनच यादी करून निघतो, आणि ती यादी बहुधा शेजाऱ्यांच्या गेल्या वर्षीच्या फोटोंवरून केलेली असते.

हा देश दक्षिणोत्तर ३,२१४ किलोमीटर आहे हे आपण शाळेत पाठ केलं, पेपरात लिहिलं, गुण मिळाले आणि विषय संपला. या आकड्याचा सुट्टीशी काही संबंध असेल, असं ना भूगोलाच्या बाईंना वाटलं ना आपल्याला. ऑगस्टचा एकच महिना घ्या. मेघालयात मॉसिनरामला वर्षाकाठी सुमारे १२ मीटर पाऊस पडतो आणि त्यातला बराचसा या पावसाळी महिन्यांत. लेहला अख्ख्या वर्षात पडतो तो जेमतेम १० सेंटिमीटर. झेंडावंदन दोन्हीकडे एकाच दिवशी, एकीकडे छत्री धरून आणि दुसरीकडे गॉगल लावून. नोव्हेंबरात राजस्थानात संध्याकाळी शाल काढावीशी वाटते, तेव्हा चेन्नईत वर्षातला सर्वांत ओला महिना चालू असतो. सबंध देश एकदम चांगला असतो असा एकही दिवस वर्षात सापडणार नाही. पण सबंध देश एकदम वाईट असतो असाही सापडणार नाही, आणि माझी सगळी भिस्त या दुसऱ्या वाक्यावर आहे. शाळा आणि ऑफिस मिळून कुठलाही आठवडा पदरात टाकू देत, त्या आठवड्यात देशाचा कुठला ना कुठला कोपरा ऐन भरात असतोच. फक्त तो कोपरा आपण आधीच ठरवलेला नसतो.

आता मे महिना. मेमध्ये उकडतं, म्हणून थंड हवेच्या ठिकाणी जायचं, यात वरवर पाहता चूक काढण्यासारखं काही नाही. ही सवय इंग्रजांनी लावली. त्यांनी १८६४ मध्ये सिमल्याला उन्हाळी राजधानीच करून टाकलं. मुंबईचं सरकार उन्हाळ्यात महाबळेश्वरला जाई आणि पाऊस सुरू झाला की पुण्याला येई. (पावसाळ्यात राहण्याजोगं गाव म्हणून पुण्याला मिळालेलं हे सरकारी प्रशस्तिपत्र आहे. पुणेकरांना त्याची गरज नव्हती, हा भाग वेगळा.) पण इंग्रज फायली, कारकून, खानसामे आणि पियानो घेऊन महिनेच्या महिने डोंगरावर मुक्काम ठोकत. महिना बदलला की मुलूख बदलायचा, ही त्यांची रीत होती. आपण त्यांच्याकडून पत्ता तेवढा घेतला आणि कॅलेंडर तिथेच विसरलो. मुंबईहून सिमला-मनालीला रेल्वेने निघालेलं कुटुंब भुसावळ, इटारसी, झाशी अशी भर वैशाखात तापलेली स्टेशनं खिडकीतून बघत जातं, दिल्लीत किंवा चंदिगडला अर्धा दिवस भाजून निघतं, वर चार-पाच रात्री गारव्यात काढतं आणि त्याच वाटेने परत येतं. जाण्यायेण्याचे दिवस धरून सरासरी तापमान काढलं, तर घरी पंख्याखाली बसलेला माणूस बहुधा कमी तापलेला निघेल. विमानाने जाणाऱ्यांचा हिशेब थोडा बरा भरतो. मग त्यांना डोंगराच्या रस्त्यावर गाड्यांच्या रांगेत बसून तो चुकता करावा लागतो. रोहतांगला जाणाऱ्या गाड्यांवर हरित लवादाने दिवसाला १,२०० अशी मर्यादा घातली, यावरून त्या रांगेची कल्पना यावी. आणि एवढं करून वर मेमधला तो बर्फ! भाड्याचा कोट, भाड्याचे गमबूट आणि हजारो माणसांच्या पायांखाली मळलेला बर्फ. फोटोत तो पांढरा येतो, कारण फोनला आपली कीव येते.

इंग्रजांचं उदाहरण परकं वाटत असेल, तर साक्षात केदारनाथाचं घ्या. साडेतीन हजार मीटर उंचीवरचं ते देऊळ भाऊबीजेला बंद होतं आणि देवाची डोली खाली उखीमठला येते. हिवाळाभर पूजा तिथे चालते. देऊळ पुन्हा कधी उघडणार ते महाशिवरात्रीला जाहीर होतं, म्हणजे साधारण रेल्वेच्या आजच्या आरक्षणाइतकंच आगाऊ. ज्याने हलाहल पचवलं त्याने हिमालयातल्या जानेवारीशी मात्र हुज्जत घातलेली नाही. भक्तांनी घालावी हे मला बरं दिसत नाही.

मग मेमध्ये करायचं काय, असा सवाल येणारच. पूर्वीच्या मराठी घरांनी याचं उत्तर काही न वाचता शोधलं होतं. ती मेमध्ये कोकणात जात. उकडायचं तिथेही, पण आंबा, फणस, काजू, करवंदं, जांभळं हे सगळं त्याच महिन्यात तिथे हजर असे आणि दुपार विहिरीजवळ काढता येई. मामाचं गाव हा पर्यटनशास्त्राच्या कसोटीवर अत्यंत बिनचूक निर्णय होता. आपण तो गरिबीतली सोय समजून सोडून दिला. दुसरं उत्तर याहून उद्धट आहे: उन्हापासून पळायचं नाही, उन्हाकडेच जायचं. चंद्रपूरचा पारा मेमध्ये पंचेचाळिसाच्या आसपास खेळत असतो, आणि नेमका त्यामुळेच ताडोबातला वाघ पाणवठ्यावर येऊन बसतो. पानगळीने जंगल मोकळं झालेलं असतं, त्याला लपायला जागा नाही आणि आपल्याला सावली नाही, असा सरळ व्यवहार. बुद्धपौर्णिमेच्या रात्री मचाणावर बसून प्राणी मोजतात, तेही याच कारणाने. तोच ताडोबा नाताळात केला तर हवा छान असते, जंगल छान असतं, स्वेटर छान असतो. वाघाची खात्री मात्र बरीच कमी. ज्याला वाघ हवा त्याने घाम गाळावा. ज्याला हवा हवी त्याने वाघ दिसला नाही म्हणून गाइडशी भांडू नये.

काश्मीर मेमध्ये वाईट असतं, असं मात्र मी म्हणणार नाही; ते खोटं ठरेल. पण श्रीनगरच्या बागेतले ट्यूलिप मार्चअखेर उमलून एप्रिलमध्ये उरकतात आणि चिनार लाल होतात ते ऑक्टोबर-नोव्हेंबरात, म्हणजे ऐन आपल्या दिवाळीच्या सुट्टीच्या सुमारास. त्या सुट्टीत आपण असतो कुठे? दक्षिणेत. हस्ताचा पाऊस सरला की आपली छत्री माळ्यावर जाते, आणि आपली गेली म्हणजे देशाची गेली असं आपण धरून चालतो. मग मदुराई, रामेश्वर, कन्याकुमारी असा बेत ठरतो. तमिळनाडूचा जवळपास निम्मा पाऊस ऑक्टोबर ते डिसेंबर या तीन महिन्यांत, ईशान्येकडून येऊन पडतो. त्यामुळे कन्याकुमारीला तीन समुद्र एकत्र बघायला गेलेल्या मंडळींना कधी कधी चौथा वरून भेटतो, आणि समुद्र खवळला म्हणून विवेकानंद शिळेची बोटही बंद असते. त्याच सुमारास दार्जिलिंग-सिक्कीमकडे पाऊस संपून हवा धुतल्यासारखी झालेली असते आणि ८,५८६ मीटरचं कांचनजंगा उघडंच उभं असतं. तिकडे आपण मेमध्ये जाऊन आलेलो असतो. टायगर हिलवर पहाटे चारला ब्लँकेट गुंडाळून ढग बघितलेला असतो, आणि 'डोंगर त्याच्या मागे होता' हे ड्रायव्हरच्या शब्दावर मान्य केलेलं असतं.

पावसाळ्याची गोष्ट निराळी, कारण तिथे आक्षेप घेणाऱ्यांचा आवाज मोठा असतो. पावसात कोणी प्रवासाला जातं का? संन्याशांनीदेखील चातुर्मासात एका जागी राहावं, असं शास्त्र आहे. आहे खरं. पण महाराष्ट्रातली सर्वांत मोठी पायी यात्रा ज्येष्ठ-आषाढात, भर पावसात चालते, आणि तीही शेतीच्या वेळापत्रकाशी जुळवून: पेरणी उरकायची आणि पंढरीची वाट धरायची. संन्याशांना शेत नसतं म्हणून त्यांना हे सुचलं नसावं. वारकऱ्याने आधी महिना पाहिला आणि मग पाय उचलला. माझं म्हणणं याहून वेगळं नाही. याच दिवसांत लडाख उघडं आणि कोरडं असतं, उत्तराखंडातली फुलांची घाटी फुललेली असते, केरळात कर्कटक महिन्याचे आयुर्वेदिक उपचार चालू असतात आणि गोव्यात २४ जूनला सांजांवच्या दिवशी माणसं डोक्यावर फुलांचे मुकुट चढवून विहिरींत उड्या मारतात. गोव्याच्या किनाऱ्यावरचे शॅक त्या काळात उठलेले असतात, समुद्रात शिरता येत नाही, पण दूधसागर नावाला जागतो तो तेव्हाच. एक मात्र कबूल: हिमालयातल्या घाटरस्त्यांवर जुलै-ऑगस्टमध्ये कडे कोसळतात, रस्ते वाहून जातात, आणि त्यात विनोद करण्यासारखं काही नाही. 'ऑफ सीझन' हा शब्द सगळीकडे हॉटेलवाल्यांनी बनवलेला नसतो. काही ठिकाणी तो डोंगराने बनवलेला असतो. दोन्हींतला फरक ओळखूनच तिकीट काढावं.

अभ्यासू आक्षेपक म्हणतील, हल्ली ऋतूच भरवशाचे राहिले नाहीत, मग महिना पाहून उपयोग काय? ऋतू सरकले हे खरं. हवामान खात्याने २०२० मध्ये आपल्या सरासरी तारखा नव्याने मांडल्या: वायव्येतून मोसमी पाऊस परतायला लागण्याची तारीख १ सप्टेंबरवरून १७ सप्टेंबरला आली, आणि मुंबईतून तो पूर्वी सप्टेंबरअखेर जायचा तो आता ८ ऑक्टोबरपर्यंत रेंगाळतो. पण यावरून महिना पाहू नये असं ठरत नाही, नवा पाहावा असं ठरतं. एका सरकारी खात्याने आपली जुनी समजूत दुरुस्त केली. आपल्या घरात मात्र आजोबांच्या वेळचा पावसाळा अजून गणपतीबरोबरच विसर्जित होतो. रेल्वेनेही मदतच केली आहे. पूर्वी १२० दिवस आधी आरक्षण करावं लागे, म्हणजे मेमध्ये आपल्याला काय आवडेल ते जानेवारीत ओळखावं लागे. नोव्हेंबर २०२४ पासून ती मुदत ६० दिवसांवर आली. दोन महिने पुढचं पाहणं माणसाच्या आवाक्यात आहे.

चुकीच्या वेळी गेलं तरच सांगण्यासारखं काही घडतं, असाही एक रसिक पक्ष आहे, आणि त्याच्या बाजूला भक्कम पुरावा आहे. वरसईचे विष्णुभट गोडसे बायजाबाई शिंद्यांच्या यज्ञातली दक्षिणा मिळवायला उत्तरेला निघाले. ठिकाण योग्य, हेतू रास्त, निघताना मुहूर्तही पाहिला असणारच. साल तेवढं १८५७ होतं. ते झाशीच्या वेढ्यात सापडले, आणि त्यातून 'माझा प्रवास' हे मराठीतलं अजोड पुस्तक झालं. हे मी नाकारत नाही. पण त्यासाठी चुकीची वेळ तशी घसघशीत लागते. हॉटेलात गरम पाणी आलं नाही आणि पॉइंटवर धुकं होतं, एवढ्या भांडवलावर प्रवासवर्णन होत नाही; मेहुण्याला अर्धा तास ऐकवण्याइतकं काहीतरी होतं, आणि मेहुण्याकडेही तसलंच तयार असतं.

सगळ्यांत अवघड आक्षेप मात्र तोंडाने कोणी घेत नाही. आपल्याला गर्दी आवडते. मनालीच्या माल रोडवर 'अहो, तुम्ही पण?' असं मराठीत ऐकू आल्याशिवाय सहलीचे पैसे वसूल झाले असं वाटत नाही. जिथे सगळे गेले तिथे आपणही गेलो, म्हणजे निवड चुकली तरी ती एकट्याची चुकत नाही. रिकामं ठिकाण पाहिलं की मराठी माणसाला निवांत वाटण्याऐवजी संशय येतो. याला तर्काने उत्तर देता येत नाही, पण सोय सांगता येते: मंडळी बरोबर न्यावीत. सहल कंपन्या आचारी, पोहे आणि शेवटच्या रात्रीची पुरणपोळी यांसह कुठल्याही महिन्यात कुठेही न्यायला तयार असतात. पुरणपोळी हंगामी नाही. ती ऑक्टोबरात पेलिंगलाही फुगते.

राहता राहिले निवृत्त लोक. या सगळ्या युक्तिवादाचे खरे लाभार्थी तेच. त्यांना शाळा नाही, साहेब नाही, रजेचा अर्ज नाही. पितृपक्षासारख्या दिवसांत, जेव्हा बाकीचे नव्या वस्तू घेत नाहीत आणि प्रवासाला निघायलाही बिचकतात, तेव्हा भाडी उतरलेली असतात आणि साताऱ्याजवळचं कास पठार बहुधा फुलांनी भरलेलं असतं. पितरांची धास्ती असेल तर त्याच पंधरवड्यात लाखो लोक पितरांसाठीच प्रवास करून गयेला जातात, हे त्यांच्या ध्यानात आणून द्यावं. बाराही महिने त्यांच्यासाठी मोकळे आहेत. तरीही त्यांच्या सहलीचे पैसे मेचेच भरले जातात. का, म्हणून विचारलं, तर नातवाला तेव्हाच सुट्टी असते, असं उत्तर येतं. आणि नातवाला विचारलं तर त्याला कुठेच जायचं नसतं.